वाढत्या मापाचे मोजे

वामनराव माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला दोन शिव्या हासडाल आणि मलाच त्याची बाजू घेत बसावं लागेल. अकोल्यापासून सहा किलोमीटरवर त्याचा दोन एकरांचा मळा. मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पिकवायचं वामनरावानं आणि विकायचं त्याच्या बायकोनं, सत्यभामेनं, ही वाटणी लग्न झाल्यापासूनची. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात तिचा ठेला. सकाळी आठला उभी राहिली की दिवेलागण होऊन जाईपर्यंत उभीच. ठेल्यामागं बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईक पुढच्या ठेल्यावर जातं, हे तिला सासूनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

पाच वर्षांपूर्वी वामनरावाला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आमचा गडी धावायलाच लागला. पहाटे मैदानावर शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा रनर्स ग्रुप यायचा. दोन दातांचे डॉक्टर, एक बिल्डर, चार बँकवाले, आणि विम्याचं काम करणारा शेखर, जो स्वतःच स्वतःला कॅप्टन म्हणवायचा. वामनराव साध्या कॅनव्हासच्या बुटात धावायचा आणि या सगळ्यांना मागं टाकायचा. इथवर झ्याक चाललं होतं. मग तो त्यांच्याशी बोलायला लागला.

झालं! महिनाभरात मनगटावर घड्याळ आलं. घड्याळात पेस आला, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली त्याचा हिशेब. आणि पेसच्या मागोमाग रिकव्हरी नावाची पाहुणी घरात आली, ती मुक्कामालाच. रिकव्हरीला अंडी लागायची, दुपारची झोप लागायची, आणि रात्री पिंडऱ्यांना कोमट तिळाचं तेल लागायचं. तेल कोण चोळणार? दिवसभर ठेल्यावर उभी राहून आलेली सत्यभामा. ती भाकरी थापून, ताटं वाढून, भांडी घासून भुईवर बसायची आणि बाजेवर पसरलेल्या मॅरेथॉनवीराच्या पोटऱ्या रगडायची.

"जरा दाबून चोळ वं," वामनराव घड्याळात पाहत म्हणायचा. "आज बारा किलोमीटर झाले. थकवा म्हनजे काय चीज असते, तुले नाई समजनार."

"नाई समजत," सत्यभामा म्हणायची, आणि दाबून चोळायची.

यंदा त्यानं सगळ्या बाजाराला सांगून ठेवलं होतं: अमरावतीची एकवीस किलोमीटरची रेस दोन तासांच्या आत. मागच्या दोन्ही वर्षी तो दोन तास तीन मिनिटांवर अडकलेला. बाजूला कांदे-बटाटे विकणारा चंद्रभान महाबिलंदर. तो म्हणाला, "आत आला त मी साऱ्या लाइनीले रोडगे खाऊ घालतो. नाई आला त तू घालाचे." वामनरावानं सर्वांदेखत त्याच्या हातावर टाळी दिली. आता हा नुसता रोडग्यांचा मामला राहिला नाही, इज्जतीचा झाला. तीन मिनिटं कुठून आणायची, या घोरानं माणूस जेवतानाही घड्याळच पाहायला लागला.

शेखरनं उपाय काढला. "कॉम्प्रेशन सॉक्स घ्या, वामनराव. पिंडरी घट्ट धरतात, स्नायू हलत नाहीत, रक्त झपझप वर हृदयाकडं जातं. दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत." दातांच्या डॉक्टरांपैकी एक तोंड पुसत म्हणाला की वेळ काही त्यानं कमी होत नाही, दुखणं जरा कमी वाटतं म्हणतात, तेही ज्याला वाटलं त्याला. पण दातवाल्याचं पायाच्या बाबतीत कोण ऐकतं?

वामनराव अमरावतीच्या दुकानात गेला. दुकानातल्या पोरीनं टेपनं पिंडरी मोजली आणि मीडियम काढून दिले.

"लार्ज केवड्याचे?" वामनरावानं विचारलं.

"रेट एकच आहे काका."

"मंग लार्जच दे ना, बाई. त्यात कपडा जास्त हाय."

पोरीनं समजावून पाहिलं की हे मोजे घट्टच बसायला हवेत, त्यातच त्यांचं काम आहे. पण वामनरावाच्या घरात आजवर सदरा, चप्पल, स्वेटर, काहीही अंगाच्या मापाचं आलेलं नव्हतं. वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. अठ्ठावन्नाव्या वर्षी पिंडरी किती वाढणार, हा प्रश्न त्याला शिवलासुद्धा नाही. उलट त्यानं वर काय देता म्हणून विचारलं. "आमी अर्ध्या किलो वांग्यावर सांबार फुकट देतो." पोरीनं पिशवी दिली.

व्हायचं तेच झालं. पहिल्याच रविवारी तिसऱ्या किलोमीटरला मोजे घसरून घोट्यावर गोळा झाले. बदलून आणायचे? म्हणजे त्या पोरीसमोर चूक कबूल करायची. छट्! मेथीच्या जुड्या बांधण्यात ज्याची हयात गेली, त्याला दोन पिंडऱ्या बांधता येऊ नयेत? त्यानं जुडी बांधायची सुतळी घेतली, गुडघ्याखाली तीन वेढे मारले, जुडीची पक्की गाठ दिली आणि मोज्याची कड वरून दुमडली. कॅप्टनला काय, बायकोलाही दिसलं नाही.

आता तुम्हीच सांगा, रक्त झपझप वर जावं म्हणून घेतलेल्या मोज्यावर, रक्त वरच जाऊ नये असा बंध कोणी बांधेल का? वामनरावानं बांधला. धावून आला की पावलं टम्म व्हायची, मुंग्या यायच्या. त्याला वाटायचं, मोजे काम करून राहिले. "पाह्य, कसं झिनझिन करून राहिलं," तो सत्यभामेला कौतुकानं सांगायचा. "ह्याले रिकव्हरी म्हनतात."

रेसच्या आदल्या दिवशी दोघं अमरावतीला लेकीच्या घरी मुक्कामाला गेली. रस्त्यात वाटतात त्या पाण्यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून सत्यभामेला हुकूम झाला की अठराव्या किलोमीटरच्या पाटीजवळ निंबू-मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं. जावई तिला अंधारातच सोडून गेला. साडेपाचपासून ती तिथं उभी. शेजारी डॉक्टरांचा तंबू होता, आत रिकाम्या खुर्च्या होत्या, पण बस कोणी म्हणालं नाही आणि तिनं विचारलं नाही.

वामनराव त्या दिवशी धावला मात्र खासा. इज्जतीसाठी त्यानं सुतळीला आणखी एक वेढा मारला होता. घड्याळ सांगत होतं, हिशेब जमतोय. सतराव्या किलोमीटरनंतर उजवं पाऊल जमिनीला टेकतंय की नाही हेच त्याला कळेना. अठराची पाटी दिसली, तेव्हा एक तास एक्केचाळीस मिनिटं झाली होती. तीन किलोमीटर उरले होते आणि हातात एकोणीस मिनिटं. जमणार होतं हो! तेवढ्यात पाय दुमडला आणि स्वारी तंबूपुढंच आडवी झाली.

तरण्याताठ्या डॉक्टर मोनालीनं त्याला खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, मोज्याची कड उलटली आणि पाहतच राहिली. "काका, हे काय आहे?"

"सुतळी हाय."

"ते दिसतंय मला. कोणी बांधली?"

"म्याच. जुडीची गाठ हाय, सुटत नाई."

डॉक्टरनं कात्री घातली. म्हणाली, "पाच मिनिटं थांबा. संवेदना नीट परत आली तर बघू." वामनराव घड्याळ पाहत होता. पाच गेली तरी चौदा राहतात. जोर लावला तर अजूनही होईल.

सत्यभामा बाटलीचं बूच उघडून त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि सवयीनं त्याची पिंडरी चोळायला लागली. बसताना तिचं लुगडं जरा वर सरकलं. डॉक्टरचं लक्ष तिकडं गेलं. घोट्याच्या वर कातडी काळीनिळी पडलेली, शिरांच्या गाठी बोटाएवढ्या जाड, आणि त्यावर गुंडाळलेली हळदीची चिंधी.

"मावशी, हे कधीपासून?"

"काई नाई, जुनंच हाय. जखम दिवाळीपासून भरून नाई राहिली."

"उभं राहायचं काम आहे का?"

"ठेला हाय ना भाजीचा. एकतीस वर्षं झाले."

डॉक्टरचा आवाज बदलला. काकांना काही झालेलं नाही, ती म्हणाली, पण मावशींनी उद्याच्या उद्या दवाखान्यात यायला हवं. आधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, मग पट्ट्या, आणि जखम भरली की मापाचे डॉक्टरी मोजे. आणखी उशीर केला तर पाय हातचा जाईल.

वामनरावानं घड्याळावरची नजर काढली. "काहून नाई सांगतलं वं मले?"

"सांगतलं ना," सत्यभामा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर त्याला सोपं गेलं असतं. "दोन बार सांगतलं, तुमचे पाय चोळता चोळता. तुमी पेस पाहून राहिले होते." मग तिनं बाटली पुढं केली. "प्या आनि निंगा आता. टाइम जाऊन राहिला. चंद्रभानभाऊ हासतीन."

पावलात जीव आला होता. तेरा मिनिटं होती. वामनराव उठला. एक क्षण रस्त्याकडं पाहिलं, खोटं कशाला बोला, चांगलं हावरटपणानं पाहिलं. आणि मग त्यानं बायकोला दंडाला धरून त्या खुर्चीवर बसवलं. तिचा पाय उचलून स्टुलावर ठेवायला वाकला, तर तिनं झटकन मागं घेतला.

"अवो, पायाले हात नका लावू! मले पाप लागते. लोक पाहून राहिले."

"लागू दे," वामनराव म्हणाला. त्यानं दोन्ही पाय उचलून स्टुलावर ठेवले. ज्या लोकांना त्यानं वाटेत मागं टाकलं होतं, ते एकेक करून समोरून पुढं गेले. शेखर कॅप्टनही गेला.

आता तो देवमाणूस झाला असं समजू नका. दुसऱ्याच आठवड्यात तो बाजारात सांगत होता की पडलो नसतो तर एक तास छप्पन्न नक्की होते. साऱ्या लाइनीला रोडगे त्यानंच घातले आणि चंद्रभान सहा खाऊन वर हसला. पण ठेल्यावर आता वामनराव उभा राहतो. सत्यभामा मागं खुर्चीवर, पाय खोक्यावर, पट्ट्या बांधलेल्या, मेथी निवडत बसलेली.

पहिल्या दिवशी दुपारच्या चारलाच त्याच्या पिंडऱ्या पेटल्या. एकवीस किलोमीटर पळून असं कधी झालं नव्हतं. तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत राहिला. शेवटी न राहवून वळला.

"इतके वर्षं कशी उभी राह्यली वं तू?"

सत्यभामेनं मेथीवरून नजर काढली नाही.

"बस म्हनलं नाई ना कोनी," ती म्हणाली.