सांगल्याबिगर हलनार नाय

भोईरदादा परवा गेले. आज सकाळी त्यांनी मला अडवलं.

काल घणसोलीच्या स्मशानात त्यांना पोचवून आलो. आज रबाळ्याच्या ऑफिसात शेजारची खुर्ची रिकामी. चष्मा पुसायचा रुमाल मात्र अजून मॉनिटरवरच.

आमच्या सर्व्हरवर बऱ्याच पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट असतात. जुने रिपोर्ट पुसायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, दादांची. चालवताना दोन गोष्टी सांगायच्या: -l लिहून लॅबचं नाव, -d लिहून तारीख. त्या तारखेआधीचं सगळं जातं. कायमचं.

मी नवीन असताना तशीच एक स्क्रिप्ट लिहिली होती. दादांनी ती टेस्टला घेतली आणि मुद्दाम -l टाकलंच नाही.

ती सुसाट पळाली. सगळ्या लॅबची फोल्डरं रिकामी. टेस्टची, खोट्या रिपोर्टची होती म्हणून वाचले.

"बघ पोरी, नाव रिकामं म्हंजे सगल्याच लॅब. तू मीटिंगमधी न समजता मान हलवतेस ना? तशी हलवली हिनं."

कान गरम झाले माझे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. 'समजलं नाही' म्हटलं की लोक म्हणतील हिला काही येत नाही, ही धास्ती कॉलेजपासून सोबत आहे.

"कलला नाय तर थांबायचा," दादा म्हणाले. "मानसानं पन, स्क्रिप्टनं पन. चल, चहा सांग."

आज सरांचा फोन आला. "डिस्क भरलीये. भोईरची स्क्रिप्ट चालव. मार्चच्या आधीचं सगळं उडव. लवकर."

मी पहिल्यांदाच ती एकटीने चालवत होते. घामाने बोटं कीबोर्डवरून घसरत होती. सरांनी सांगितली तेवढी तारीख टाकली आणि एंटर दाबलं.

स्क्रीनवर एकच ओळ आली. दादांची.

"कोनची लॅब? सांगल्याबिगर हलनार नाय."

मला हसू आलं. मग रडू. मग वाटलं, ही ओळ नसती तर?

सरांना सांगितलं, स्क्रिप्ट अडतेय.

"अगं, भोईरची जुनी कटकट आहे ती. तो चेक काढ आणि चालव. क्लायंट डोक्यावर बसलाय. समजलं?"

माझी नोकरी अजून पक्की नाही. 'हो सर' ओठांवर आलंच होतं.

"नाही सर. समजलं नाही. कोणत्या लॅबचे?"

पलीकडे सरांनी कागद चाळले.

"...एकाच लॅबचे गं. नाव सांगितलं नाही का मी? थांब, मेसेज करतो. बाकीच्यांना हात लावू नकोस."

नाव आलं. तीनदा वाचून टाकलं. स्क्रिप्ट गुपचूप चालली.

दादा, उद्या माझी स्क्रिप्ट कोण तपासणार, माहीत नाही. खूप भीती वाटतेय.

पण तुमचा चेक तिथेच आहे. मी आहे तोवर कुणी काढणार नाही.

या आता, दादा. शांत झोपा.