किशोरमामाचा कडा

किशोरनं हाती घेतलेलं एक काम कधी तडीला नेलं असेल तर शपथ. पोलीस भरतीला धावला, छाती भरली, लेखी परीक्षेला गेलाच नाही. आयटीआय अर्ध्यात सोडलं, ठरलेलं लग्न मोडलं. चाळिशी उलटल्यावर उरलं ते आईबरोबरचं मूर्तिजापूरच्या बाजारातलं भाजीचं दुकान. नातेवाईक हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवत, तेही त्याच्यासमोर, हसत हसत.

सगळ्यात मोठ्यानं हसे तो कुलदीप. अकोल्याच्या आशाताईचा मुलगा, किशोरचा एकुलता एक भाचा. पुण्यात नोकरी लागल्यावर त्यानं आपला जुना कॉम्प्युटर मामाला दिला आणि त्यात एक गेम तसाच ठेवला.

"मामा, हा तुह्यासाठीच बनवला हाये. कधी पुराच होत नाही."

गेममध्ये एक टकला, उघडाबंब माणूस आणि समोर उभा कडा. माउसचं डावं बटन दाबून धरलं की डावा हात दगड पकडतो, उजवं दाबलं की उजवा. बोट उचललं की पकड सुटली. माणसाला खरं वजन, खरे झोके. मध्ये थांबायची सोय नाही आणि वरून सुटला तर थेट पायथ्याशी. असला छळ माणसं हौसेनं ओढवून घेतात, आणि किशोरनंही घेतला.

सुरुवातीला त्यानं दोन माउस भिंतीवर आपटून फोडले. शिव्या अशा देई की त्याची आई माणिकबाई शेजाऱ्यांना सांगे, अडत्याशी फोनवर बोलून राहिला. पण गेम सुटेना. माल सडका निघाला तर दोष अडत्याचा, लग्न मोडलं तर दोष मुलीच्या काकाचा. इथे पडला तर फक्त स्वतःच्या बोटामुळे. हे त्याला फार आवडलं. शिवाय ज्या भेगेनं आधी जीव खाल्ला, तिथून आता तो गप्पा मारत वर जाई. पडद्यावरचा माणूस खाली येई, शिकलेले हात मात्र शिकलेलेच राहत. ही एक गोष्ट पुरी करायचीच, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

कुलदीपचं लग्न ठरलं आणि मामाच्या घरी केळवण निघालं. पाहुणे यायला वेळ होता म्हणून किशोर सहज खेळायला बसला. त्या दिवशी हात असे चालले की कड्याची शेवटची धार दिसली. माणसाचे दोन्ही हात धारेवर, किशोरची दोन बोटं दोन्ही बटनांवर. एक झोका दिला की वर. आणि नेमके तेव्हाच पाहुणे दारात आले.

वऱ्हाडात भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामा भाच्याच्या पडतो. भाचा पाळण्यातला असला तरी.

"काहून रे, भाचा उभा हाये अन् तू बसून राहिला?" माणिकबाई कडाडली.

"एक मिनिट, आई. सुटलं तं खालीच जाते."

कुलदीप जवळ आला. त्यानं पडदा पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. तो स्वतः पहिल्या भेगेच्या पुढे कधी गेला नव्हता. किशोरनं उजवा हात माउसवर तसाच ठेवला, खुर्चीतून वाकला आणि डावा हात भाच्याच्या पायाकडे नेला.

"डावा हात लावतो का भाच्याले?" माणिकबाई पुन्हा कडाडली.

कुलदीपनं पाय हळूच मागं घेतला. "राहू दे, आजी. मामा कामात हाये."

आशाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. किशोरनं माउस सोडला, उठला आणि दोन्ही हात लावून पाया पडला. मागं पडद्यावरचा माणूस बराच वेळ पडत होता.

"अरेरे, गेलं तं!" कुलदीप म्हणाला. "आता पुन्हा पहिल्यापासून."

किशोरला संताप आवरेना. "काल पोचलो मी वर. आज उगाच बसलो होतो."

खरं तर पडण्याची त्याला सवय होती. एवढं गिळलं असतं तर काही बिघडलं नसतं.

कुलदीप पडद्यापाशी वाकला. "मामा, वर पोचला का माणसाच्या डोक्यावर मुकुट येते. कायमचा. याचं तं टक्कल तसंच हाये." मग तो सगळ्यांकडे वळला. "आता खोटंही बोलाले लागला मामा."

सगळे हसले. माणिकबाईही हसली. किशोरनं पानं मांडली आणि भाच्याला आग्रह करकरून पुरणपोळी वाढली.

लग्न झालं, पाहुणे पांगले, आणि किशोर पुन्हा पायथ्यापासून चढला. दिवाळीच्या आधी, एका दुपारी, तो धारेवरून वर गेला. टकलावर पिवळा मुकुट आला. किशोरला रडूच यायचं राहिलं होतं. त्यानं पडद्याचा फोटो काढला आणि सगळ्यात आधी कुलदीपला पाठवला.

उत्तर लगेच आलं.

"कोणाकडून करून घेतलं, मामा?"