प्रतिध्वनीची दुपारची सुट्टी

माझ्या सासुरवाडीत आजही लोक समजतात की माझ्या साळ्याचा आवाज दारूनं गेला. हे खोटं आहे. बायकोचा हा धाकटा भाऊ आयुष्यात दारूच्या वाटेला गेलेला नाही. त्याचा आवाज पर्यटन विकासाच्या आराखड्यानं गेला, आणि तो आराखडा मी केला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत नियोजन सहायक होतो. आमचे साहेब पुण्याहून बदलून आलेले, अभ्यासू आणि भल्या मनाचे. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. थंड हवेच्या ठिकाणांची हॉटेलं बांधून वाट लावली, आपल्या जिल्ह्यात तसं होता कामा नये. एक दिवस त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि अटी सांगितल्या. झाड तोडायचं नाही, इमारत बांधायची नाही, गावाच्या हाताला काम मिळालं पाहिजे, आणि आज जे पाहायला मिळतं ते आपल्या नातवंडांनाही तसंच मिळालं पाहिजे.

"अशी जागा सुचवा," ते म्हणाले.

हेडक्लार्कनं स्वतःचं गाव सुचवलं. टायपिस्टनं बहिणीचं. मी सासुरवाडी सुचवली. मौद्याच्या पुढे आडवाटेला ते गाव, एसटी दिवसातून एकदा जायची, आणि माहेरी जाताना प्रत्येक वेळी बायको त्या एसटीचा राग माझ्यावर काढायची. पर्यटनस्थळ झालं तर दुसरी गाडी सुरू होईल, एवढाच माझा दूरदृष्टीचा विचार.

"तिथं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

तिथं जमीनदारांच्या काळातला एक मालगुजारी तलाव होता, पण तसे तलाव आमच्याकडे गावोगाव आहेत. मग मला लग्नानंतरचा दिवस आठवला. साळा मला तलावामागच्या टेकडीवर घेऊन गेला होता. टेकडी मधोमध फाटलेली, खाली घळ. "भाऊजी, तुमी इथून ओरडा, मी बकऱ्या पाहून येतो," असं म्हणून तो गेला. मी ओरडलो, आणि घळीपलीकडून माझे शब्द परत आले. असा स्वच्छ प्रतिध्वनी मी कुठे ऐकला नव्हता.

"प्रतिध्वनी आहे, साहेब."

साहेब खुर्चीतून उठले. "अहो, हेच! याला रंग लावायला नको, दुरुस्ती नको. कितीही माणसं आली तरी झिजणार नाही!"

पोळ्यानंतर साहेब स्वतः पाहायला येणार असं ठरलं. मी आदल्या दिवशी सासुरवाडीला गेलो. साळा धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी सोडत होता. मी बातमी सांगितली. त्यानं फावडं ठेवलं, बांधावर बसला, आणि हसत हसत तिथेच आडवा झाला.

"भाऊजी, तुमी खरंच समजून राहिले होते का?"

"काय?"

"तो मी होतो नं जी! तिकडं पळसाच्या झुडपात बसलो होतो."

आमच्याकडे नव्या जावयाची फजिती करणं हा साळ्याचा हक्कच असतो. कुणी पाटाखाली पापड ठेवतो, कुणी पानात मिरची घालतो. यानं टेकडी वापरली होती.

"मग तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मले वाटलं, दुसऱ्याच दिवशी समजलं असन. शिकलेले माणूस तुमी."

मी त्याला म्हटलं की उद्या साहेब येत आहेत, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. तो म्हणाला, सांगून द्या साहेबाले, आवाज मेला म्हणून. मी विनवण्या केल्या. शेवटी तो उठला. "एकडावच बरं का. मले मंडईत गायचं आहे."

हे गाणं म्हणजे खडी गंमत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथे दोन गावांचे शाहीर समोरासमोर उभे राहून सवाल-जवाब गातात. माझा सासरा शाहीर होता. त्याचा डफ साळ्याकडे आला होता. नदीपलीकडच्या गावाचा शाहीर सतत भारी पडत होता आणि या वर्षी त्याला गप्प करायचं, असं साळ्यानं अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब सहकुटुंब आले. साहेब ओरडले, "हॅलो!" पलीकडून आलं, "हॅलो!" बाईसाहेबांनी नाजूक आवाजात कोकिळेसारखं "कुहू" केलं. पलीकडून जे "कुहू" आलं ते एखाद्या रेड्याला सर्दी झाल्यासारखं होतं.

"काळा दगड," साहेब मान हलवून म्हणाले. "बारीक आवाज शोषून घेतो."

आराखडा मंजूर झाला. दुसरी एसटी सुरू झाली. गणपती उठल्यापासून दर रविवारी नागपूरची माणसं डबे घेऊन येऊ लागली. गावातल्या बाया तलावाचे शिंगाडे उकडून विकायला बसल्या, वडाखाली चहाचं दुकान निघालं. हा प्रतिध्वनी आला कुठून, याचा गावात कुणी विचार केला नाही. गावच्या माणसाला टेकडीवर जाऊन ओरडायची गरजच कधी पडली नव्हती. एक म्हातारा तर पाहुण्यांना सांगू लागला की त्याच्या आज्याच्या काळी हा आवाज याहून खणखणीत होता.

खरं काय ते मी आणि साळा, दोघांनाच माहीत होतं. "एकडाव" केव्हाच मागे पडलं होतं. बाया शिंगाडे विकून हसत घरी जातात हे पाहून त्याला नाही म्हणवेना. मी देखरेखीच्या निमित्तानं दर रविवारी टेकडीवर उभा असायचो. एकदा शाळेची सहल आली. गुरुजी ओरडले, "भारतमाता की!" पलीकडून जोरात आलं, "जय!" मला घाम फुटला. गुरुजींच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. कामठीच्या छावणीतला दक्षिणेकडचा एक जवान आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी ओरडला. टेकडी गप्प. मग आवाज आला, "पुन्हा म्हण गा!" जवानाला वाटलं, टेकडी आपल्या भाषेत बोलली. त्यानं सलाम ठोकला.

एका रविवारी संध्याकाळी साळा झुडपातून निघाला तेव्हा त्याचा आवाज घोगरा झाला होता.

"भाऊजी, मंडईपर्यंत गळा टिकला पाहिजे बरं."

"टिकवतो," मी म्हणालो. आणि नियोजन सहायक जे करू शकतो ते केलं. नियम केले. एका गटानं तीनच हाका माराव्यात. लांब वाक्यं ओरडू नयेत. दुपारी बारा ते चार हाका मारण्यास मनाई. टेकडीखाली पाटी लागली: 'प्रतिध्वनीला विश्रांती द्या.'

साहेबांनी नियम वाचले आणि माझ्याकडे बघतच राहिले. "निसर्गाला किती भार झेपतो याचा विचार करणारा माणूस मला या कचेरीत पहिल्यांदा भेटला," असं ते बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले. हेडक्लार्क माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

नियमांचा परिणाम उलटा झाला. दुपारी झोपणारा प्रतिध्वनी, अशी सीताबर्डीपर्यंत कीर्ती पसरली आणि गर्दी दुप्पट झाली. अर्धे लोक तो खरंच झोपतो का हे पाहायला भर दुपारी येऊन ओरडत. तो झोपलेला असे, म्हणजे घरी ज्येष्ठमधाचा काढा पीत असे. लोक समाधानानं शिंगाडे खात बसत आणि चार वाजता पुन्हा सुरू होत.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकतो. पुढचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत शाळांच्या सहली रोज पाठवाव्यात, असं साहेबांच्या मनात आलं. "झेपेल ना हो?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी ते ऐकलं असतं. पण माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता.

"झेपेल, साहेब."

साळ्याला मी सांगितलं, थोडेच दिवस. तो गळ्याला फडकं गुंडाळून झुडपात गेला. पोरं ती पोरंच. तीन हाकांचा नियम त्यांना कोण शिकवणार?

मंडईच्या दिवशी ऐन दुपारी पटांगण भरलं होतं. आमचा साळा पुढे आला, डफ उचलला, तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला, तर कोरडी विहीर उपसल्यासारखा खरखराट झाला. पलीकडच्या गावचा शाहीर वाकून त्याच्या तोंडाजवळ कान नेत म्हणाला, "काहून गा, रात्री जास्त झाली का?" सगळं पटांगण हसलं. साळ्यानं डफ खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गर्दीतून निघून गेला. मी तोंड उघडलं असतं तर त्याची अब्रू तेव्हाच वाचली असती. पण शेजारी साहेब बसले होते. त्यांना लोककला पाहायची होती.

घरी बायकोला खरं सांगावं लागलं. ती एवढंच म्हणाली, "माया भावाचा गळा तुमच्या पिलाननं खाल्ला." तिला सगळ्यांना सांगायचं होतं. भावानंच तिला शपथ घातली. भाऊजीची नोकरी जाईल म्हणाला. मला बढती मिळाली. पुढे मी कधी पचमढीला जाऊ म्हटलं की ती विचारायची, "तिथं कोण ओरडून राहिलं?"

टेकडी त्यानंतर बोलली नाही. साहेब येऊन बराच वेळ ओरडले. मग त्यांनी खिन्न होऊन अहवालात लिहिलं की भार जास्त झाल्यानं नैसर्गिक ठेवा कायमचा नष्ट झाला. त्या सगळ्या प्रकरणात एवढं एकच वाक्य खरं होतं. दुसरी एसटी काही महिन्यांत बंद झाली. साळ्याचा आवाज परत आला नाही. पुढच्या मंडयांत तो मागे बसून झांज वाजवायचा, आणि पोरं त्याला पिलेला शाहीर म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात मी आणि बायको सासुरवाडीला गेलो. साळाही आता म्हातारा झाला आहे. मी त्याला म्हटलं, तुझ्या नातवंडांना मी सगळं खरं सांगणार.

"जाऊ द्या जी," तो खरखरला. "बदनामी झालीच होती तं दोन घोट घेऊन तरी पाहायले पाहिजे होते. फुकट गेली."

पण मी हट्टच धरला. तो विचारात पडला. "मग अख्ख्या गावालेच सांगा. चला टेकडीवर. या डाव तुमी पळसात बसा. मी इकडून ओरडन, 'मी पिला नव्हतो.' तुमी तिकडून म्हणा, 'तो पिला नव्हता.' खाली तलावावर बाया असतात, ऐकतीन."

मला ते पटलं. वळसा घालून, गुडघे धरत मी झुडपात जाऊन बसलो. पलीकडून काही ऐकू येईना. गेलेला आवाज, एवढ्या लांब कुठून येणार, असं वाटलं. मीच सुरुवात केली. पूर्ण ताकदीनं ओरडलो, "तो पिला नव्हता!" पुन्हा. आणखी एकदा. खोकला येईपर्यंत ओरडलो.

परत आलो तर तो दगडावर शेंगा खात बसला होता.

"तू किती वेळा ओरडलास?"

"मी कुठं ओरडलो?" आणि तो हसत हसत दगडावर आडवा झाला. बांधावर झाला होता तसाच.

संध्याकाळी बायको तलावावरून आली. "काय करून राहिले होते जी टेकडीवर?" तिनं विचारलं. "गावातल्या बाया म्हणतात, जावई दुपारीच पिऊन आला."

साळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "सांगू का त्याईले खरं?"

"राहू दे," मी म्हणालो.