खंडेनवमीचा पिवळा रंग

दारव्हा रस्त्यावरच्या आमच्या तेलाच्या कारखान्यात भरलेली खोकी उचलून पॅलेटवर रचणारा एक यांत्रिक हात आहे. मी तिथला मेन्टेनन्सवाला, म्हणजे चालेल ते मालकाचं आणि बिघडेल ते माझं. तो हात चालवायचे बोरी अरब गावचे एक काका. तो बसवला तेव्हापासून तेच, दुसऱ्या कोणाला ते बटणाला बोट लावू देत नसत.

या हाताची एक खोड आहे. करंट गेला तरी आपण कुठे थांबलो हे त्याला आठवतं, पण ते एका लहानशा बॅटरीच्या जिवावर. करंट नाही आणि बॅटरीही मेली, की तो सगळं विसरतो. मग एकेक सांधा हळूहळू फिरवून, त्यावरच्या दोन बारीक रेघा जुळवून त्याला सांगावं लागतं की बाबा रे, हे तुझं शून्य. आमचा हात बसवायला आलेल्या माणसाने त्या रेघा साध्या मार्करने मारल्या होत्या.

बॅटरी संपत आल्याची सूचना पडद्यावर पावसाळाभर लुकलुकत होती. मी सांगून सांगून थकलो. मालकांचं एकच पालुपद, "दसरा होऊ दे, मंग पाहू."

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनला सुट्टी. मालकांच्या आईचा दंडकच आहे, पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत कारखान्यात करंट फिरायचा नाही. मेन स्विच खाली. पूजेआधी रंगरंगोटी होते. काका दरवर्षी फक्त खालचा पाया रंगवायचे. यंदा मालक म्हणाले, "पाहुणे येऊन राह्यले, पुरा हात चमकवून टाका." काकांनी पिवळा ऑइलपेंट घेतला आणि सांध्यांवरूनही ब्रश फिरवला. झेंडूचा हार घातल्यावर हात असा देखणा दिसला की मालकांनी सगळ्यांसमोर काकांची पाठ थोपटली.

दसऱ्यानंतर स्विच वर केला तर पडद्यावर लाल अक्षरं. हाताला काहीच आठवत नव्हतं. मी रेघा शोधायला वाकलो, तर सगळीकडे पिवळंच पिवळं.

"भाऊ, म्याच रंगवलं, म्याच काहाडतो," काका म्हणाले. मी मेलेली बॅटरी बदलायला पॅनलकडे गेलो. परत येतो तर काकांनी थिनरने सगळे सांधे लख्ख पुसलेले. रंग गेला, आणि मार्करच्या रेघाही त्याच्यासोबत गेल्या. काका हातातली चिंधी उलटीपालटी करून बघत होते.

शेवटी नागपूरहून इंजिनिअर आला आणि त्याने मोजमापं घेऊन अंदाजाने शून्य ठरवलं. तोवर माल अडकला, ट्रक दारात उभे राहिले, आणि मालकांना कोणावर तरी खापर फोडायचं होतं. मी बॅटरीचं बोललो, तर म्हणाले, "ब्याटरी कोनाले दिसते? रंग साऱ्याइले दिसला."

काकांनी हात जोडले. "मालक, मले याच्यावरच राहू द्या. दुसरं काई येत नाई मले." मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मी पाना उचलला आणि कामाला लागलो, दुसरं काय करणार होतो?

परवा बोरी अरबच्या बाजारात काका भेटले. पिशवीत थोडी वांगी होती, दाढी वाढलेली. ना रामराम, ना घरचं विचारणं.

"भाऊ, हात आता नीट ठेवते काय खोके?"

"ठेवते. पन जराक डावीकडं जाते. शेवटचं खोकं हातानं ढकला लागते."

काकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी माझं मनगट धरलं. "मंग ढकलाले मानूस लागतच असन ना? मले जमन थे. इचारून पाहा ना मालकाले."

"इचारतो काका," मी म्हटलं.

मालकांना आधीच विचारून झालं होतं. ते खोकं आता मीच ढकलतो.