ओट्यापाशीच थांब

आई माझी गेली आणि सांत्वनाचे फोन माझ्या नवऱ्याला आले.

खरंच सांगते. मागच्या एप्रिलमध्ये, आजच्याच तारखेला.

फ्युनरल होममध्ये एडमंटनमधले आमचे सगळे मराठी लोक निखिलला मिठ्या मारत होते. "सासू-जावयाची अशी जोडी पाहिली नाही हो!"

मी बाजूला कोट हातात घेऊन उभी. मनात म्हणत होते, अहो, पोटची पोर इकडे आहे!

जळफळाट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. वर्ष झालं तरी तो गेला नाही, म्हणून आज लिहूनच टाकते.

बाबा गेल्यावर आई नागपूरहून आमच्याकडे आली. पहिला विंटर खिडकीत बसून काढला तिने. क्रोशे, सुडोकू, आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावलेली मेथी.

मला वाटलं, आता आम्ही दोघी भरपूर गप्पा मारू. लग्नानंतर राहूनच गेल्या होत्या.

मग एप्रिल आला. बाहेर बर्फ तसाच. निखिलने टीव्हीवर बेसबॉल लावला.

"हे काय विटीदांडू खेळून राह्यले हे लोक?" आईने विचारलं.

झालं. तिथेच माझी आई माझ्या हातची गेली.

आठवड्याभरात ती बॉल टाकणाऱ्या पिचरला नावं ठेवायला लागली. कॅचरला ती शेवटपर्यंत 'किपर'च म्हणाली. हातात क्रोशाची सुई, डोळे टीव्हीवर. टाके चुकायचे, पण बॉल चुकायचा नाही.

"निखिलराव, याला काढा आता. याचा खांदा गेला."

"आई, कोच माझं ऐकत नाही हो."

आणि दोघं खो खो हसायचे.

निखिलची टीम खेळायची तिकडे पूर्वेला, तिथलं घड्याळ दोन तास पुढे, म्हणून आमच्याकडे मॅच संध्याकाळी पाचला सुरू. म्हणजे नेमकी मी ऑफिसातून येऊन कणीक भिजवायला घ्यायचे तेव्हा. (भांडी निखिल घासतो, उगाच त्याला कमेंटमध्ये धरू नका.)

माझ्या वाट्याला कोणती आई आली? डॉक्टरची अपॉइंटमेंट, इन्शुरन्स, विंटर बूट्स, "गोळी घेतलीस का?" वाली.

हसणारी आई त्याच्याकडे.

आणि मी हात पुसून सोफ्यावर बसायला गेले, की ती हमखास म्हणायची, "तू काहून आली? जा न, ओट्यापाशीच थांब."

दर वेळी. सोफ्यावर जागा असायची, तरी.

मीही मानी. एकदा, दोनदा, तीनदा ऐकलं, मग जाणंच सोडलं. म्हटलं, बसा तुम्ही दोघं. मी पोळ्या लाटते. त्या वेळी पोळपाटाची काय हालत केली ते मला माहीत.

मागच्या वर्षी सीझन नुकताच सुरू झाला होता. टीम धडाधड हरत होती. निखिल वैतागला की आई म्हणायची, "एप्रिलचं मनावर घेऊ नका. सीझन लंबा आहे."

तिचा नव्हता. एका सकाळी झोपेतून उठलीच नाही.

त्यानंतर निखिलने वर्षभर एकही मॅच लावली नाही. लोकांना त्याचंही कौतुक. मी रडले तर ते नॉर्मल. त्याने टीव्ही लावला नाही, तर "बघा, किती जीव होता!"

आज सकाळी आईच्या फोटोला सांबारवडीचा, म्हणजे आमच्या नागपुरी कोथिंबीरवडीचा, नैवेद्य दाखवला. संध्याकाळी पाचला निखिल रिमोट हातात घेऊन नुसता बसला होता.

"लावू का?"

"मला काय विचारतोस? तुमचं दोघांचं होतं ते."

त्याने लावला. मी मुद्दाम जाऊन टीव्हीसमोरच्या आईच्या खुर्चीत बसले.

"इथे नको ना बसू," तो म्हणाला.

मग मात्र माझा तोल गेला. "आई माझी, घर माझं, आणि तिच्या खुर्चीत बसायचीसुद्धा मला चोरी? किती दिवस मला स्वयंपाकघरात पिटाळणार आहात रे तुम्ही?"

त्याने रिमोट खाली ठेवला.

"अगं वेडे, तू ओट्यापाशी असलीस की आपल्या टीमचे लोक जोरात मारतात. आईंनी पहिल्याच आठवड्यात पकडलं होतं. 'माह्या पोरीचा पायगुण आहे,' म्हणायच्या. तुला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, अशी शपथ घातली होती मला."



क्रिकेटची मॅच चालू असताना बाबांना जागेवरून उठू न देणारी बाई ती! सचिन गेला तर पाणी प्यायला उठलेल्या माणसाला रात्रभर बोलणी. लहानपणी मी हे सगळं पाहिलेलं. तरी मला कळू नये?

रडू आलं. आणि खरं सांगू, हेवाही वाटला. आई माझ्याबद्दल हे असं बोलायची, आणि ऐकायला मिळालं त्याला.

उठले. ओट्यापाशी गेले. करायला काही नव्हतं, वड्या सकाळीच झालेल्या. नुसती उभी राहिले.

आपली टीम मागे होती. बराच वेळ काही घडलं नाही. मग एकाने असा हाणला की बॉल थेट कुंपणापार.

निखिल ताडकन उठून ओरडला, "आई!"

आणि त्याच्या लक्षात आलं. तिथेच तोंड झाकून बसला.

मी त्याच्याकडे निघाले होते. पाऊल उचललंही. मग खाली ठेवलं.

"हलत नाहीये गं मी," मी म्हटलं.

मॅच शेवटी हरलो. एप्रिलचं मनावर घेत नाही.

आई, सुखाने जा. मी ओट्यापाशीच आहे.