रिकाम्या खुर्चीसाठी लिहिणारे मॅकनी सर

फर्गस मॅकनी सरांशी माझी ओळख एका खुर्चीवरून झाली. कार्डिफचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी लीड्सला आलो होतो. कारण एकच, आणि ते सरांच्या जॅझ बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत होतं. तिचं नाव लिहीत नाही. हा गौरवग्रंथ तीही वाचणार आहे. रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये तालीम होती. मी माझा ट्रम्पेट घेऊन गेलो आणि ट्रम्पेटवाल्यांच्या रांगेतल्या एकुलत्या रिकाम्या खुर्चीवर बसलो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ती आर्चीची जागा आहे, असं सर हळू आवाजात म्हणाले आणि माझ्यासाठी दुसरी खुर्ची स्वतः उचलून घेऊन आले. आर्ची उशिरा येणारा कुणी असेल, असं मला वाटलं. चहाच्या वेळी तिनं सांगितलं, आर्चीला जाऊन आठ वर्षं झाली.

आपल्या लीड्सच्या मराठी मंडळात सरांना बहुतेक जण मुलांना ट्रम्पेट शिकवणारे आजोबा म्हणूनच ओळखतात. सरांचा जन्म स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातला. प्रवासी बोटींवरच्या बँडमध्ये वाजवत ते लंडनला पोचले आणि पुढे अरेंजमेंटसाठी नावाजले. कोणी कोणता सूर कधी धरायचा, हे सगळं ते पेन्सिलीनं लिहितात. पानावर वाद्याचं नाव घालत नाहीत, माणसाचं घालतात. तिसरा ट्रम्पेट काय कुणीही वाजवेल, मला कुणीही नको, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं सरांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्या आर्चीच्या नावाचं पान आजही प्रत्येक नव्या अरेंजमेंटमध्ये असतं. ते त्याच्या खुर्चीपुढच्या स्टँडवर ठेवलं जातं. वाजवत कुणी नाही.

आणि तरी त्या पानावरचा सूर ऐकू येतो. दोन ट्रम्पेट अगदी सुरात, जोरात वाजले की कानाला खालचा तिसरा सूर भासतो, हे सर स्वतःच समजावतात. बाकीच्यांचे सूर ते तसे बेतूनच लिहितात. इथवर मला पटतं. पण तो सूर दर वेळी केसभर उशिरा येतो. आर्चीही तसाच यायचा म्हणे. एकदा मी तालीम मिनीडिस्कवर रेकॉर्ड केली. त्यात तो उतरलाच नाही.

एका रविवारी तिनं कार पार्कमध्ये मला स्वच्छ सांगितलं की माझ्या मागे येऊ नकोस. माझं डोकं फिरलं. आत येऊन मी सरळ आर्चीच्या खुर्चीवर बसलो आणि त्याचं पान वाजवलं. अचूक, तालात. हॉल एकदम बहिरा झाल्यासारखा वाटला. वाजवणारे एकेक करून थांबले. कॉलेज गेलं, ती गेली, आता हा बँडही जाणार, असं मी धरूनच चाललो.

"बरोबर वाजवलंस," सर म्हणाले. "फक्त आज तो आला नाही."

बस, एवढंच. पुढच्या रविवारी माझ्या स्टँडवर माझ्या नावाचं पान होतं. जिथं माझा धीर सुटतो, नेमकं तिथंच सरांनी मला चार मात्रा गप्प बसवलं होतं. त्या मोजताना मला आर्ची पुन्हा ऐकू आला. मी तेव्हापासून या बँडमध्ये आहे तो त्या चार मात्रांमुळे.

यंदा सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. आजारपणानंतर त्यांनी ट्रम्पेट हातात घेतलेला नाही. गेल्या महिन्यात नव्या अरेंजमेंटची पानं वाटताना एक पान 'फर्गस' नावाचं निघालं. मला आनंद झाला. विचारलं, म्हणजे तुम्ही वाजवणार ना?

"आर्चीच्या शेजारी अजून एक खुर्ची मांड," ते म्हणाले.

मी सरांशी पहिल्यांदाच भांडलो, तुमच्यासाठी रिकामी खुर्ची मांडणार नाही म्हणालो आणि पान त्यांच्या खिशात कोंबलं. चिडका तो चिडकाच राहिलास, म्हणून ते हसले, आणि तालीम सुरू झाली. आम्हांला खाली दोन सूर ऐकू आले. एक उशिरा. दुसरा अगदी वेळेवर. सर आमच्यासमोर उभे होते, दोन्ही हात रिकामे.

सर, तुम्हांला ठणठणीत तब्येत आणि उदंड आयुष्य लाभो, ही आम्हां सगळ्यांची इच्छा. पण मला नुसतं इच्छेवर थांबता येत नाही. तुमची खुर्ची मी मांडलेली नाही. ट्रम्पेट घेऊन या, श्वास अपुरा पडला तरी चालेल. तुम्ही दारात दिसलात की मांडतो.