आजाऱ्याचा पाव

चार माणसं रोज एकत्र जेवली की किस्से साठतातच. टोपाच्या तळाशी खरवड धरते तसे, खरवडायचं कोणीतरी लागतं एवढंच! सत्तरच्या सुमारास साजगावच्या कारखान्यात आम्ही तिघं दुपारी डबे सोडायचो: कडावचा नामा, डोंगरातल्या ठाकरवाडीचा पांडू आणि मी.

* * *

कँटीन सुरू झालं. चहाबरोबर फुकट पाव! पण कोणी हात लावेना. आमच्याकडे पाव खायचा तापात, चहात बुडवून. नामा तर उखडलाच, "आमी काय आजारी हाय काय रं?"

पुढे हाच नामा दोन-दोन पाव खिशात घालून घरी न्यायला लागला. विचारलं तर म्हणाला, "पोरांना हल्ली रोजच बरं वाटत नाय!"

* * *

पगार वाढला तशी बायको डब्यात भाकरीऐवजी चपात्या द्यायला लागली. झाकण उघडताच नामानं विचारलं, "घरी पावणे आलेत वाटतं?"

मी ऐटीत म्हणालो, "आता आमीच पावणे!"

खरं सांगू? चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागले. पांडूनं उरलेली नाचणीची भाकरी पुढे केली आणि मी खाल्ली की हो!

* * *

नामाच्या दारात म्हैस. गावात डेअरी निघाली आणि सगळं दूध तिकडं जायला लागलं. एकदा गेलो, तर नव्या कपबशीत कोरा चहा! त्याची बायको म्हणाली, "भावजी, दूध असतं तर घातलं असतं." बाहेर म्हैस रवंथ करत होती. मी हसलो, पण जिवाला लागलं. कपबशी आली आणि पोरांच्या तोंडचं दूध गेलं.

* * *

पांडूची आई अंथरुणाला खिळली. अन्नाला शिवेना. "आये जाते आता," म्हणून पांडू ढसाढसा रडला. आम्हालाही गलबलून आलं. नामानं आणि मी आमचे पाव माझ्या डब्यात भरून त्याच्याकडे दिले. "मऊ हायेत. चहात बुडवून भरव."

त्याच्या घरी पाव त्याआधी एकदाच गेला होता, बापाच्या शेवटच्या दुखण्यात. ते आम्हाला कुठं ठाऊक!

दुसऱ्या दिवशी पांडू हसतच आला. पाव बघून म्हातारी ताडकन उठून बसली म्हणे! "माझी बी वेळ आली का रं? चूल पेटव आदी! भाकरी टाक!" आणि अर्धी भाकरी खाल्ली तिनं, सुकटीच्या चटणीशी.

पांडूनं माझा डबा परत दिला. आत सगळे पाव जसेच्या तसे.

"आये म्हणाली, नामाला दे. त्याची पोरं रोजच आजारी असतात!"